शेंदलेले मजले

धक्का बसण्याची जी देणगी देवानं आमच्या साडूंना दिली आहे, ती अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत घरटी वाटली असती, तरी पोतंभर शिल्लक राहिली असती. सामान्य माणसाला आयुष्यात चार-सहा धक्के बसतात. कोणाला निकालाचा, कोणाला लग्नाचा, कोणाला निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या भिंतीवरच्या घड्याळाचा. आमच्या साडूंना एक चहाच्या आधी बसतो, दुसरा चहात बसतो, आणि दुसरा बसून इतका वेळ झाला तरी तिसरा अजून कसा बसला नाही, याचा तिसरा बसतो.

धक्का ‘बसतो’ असं आपण नुसतं म्हणतो. साडू ते अमलात आणतात. धक्का बसला की तेही बसतात. असतील तिथे, असेल त्यावर. आधी चष्मा काढायचा, उजवा हात टाळूवर ठेवायचा, ‘अरे बाप्पा!’ म्हणायचं आणि घडीच्या खुर्चीसारखं गुडघ्यातून मिटत खाली यायचं, असा त्यांचा क्रम ठरलेला. भातकुलीच्या बाजारात टमाट्यांचा भाव ऐकून ते बसले, ते टमाट्यांवरच. ते सगळं टोपलं घरी आणावं लागलं आणि आठवडाभर दोन्ही घरांत सार झालं. अकोटला एका लग्नात नवरदेव मुहूर्ताच्या आधी मांडवात आलेला पाहून ते जे बसले, ते विहीणबाईंसाठी ठेवलेल्या खुर्चीवर, आणि विहीणबाई मागे न बघता त्यांच्यावर.

वेळेवर होणाऱ्या गोष्टींशी त्यांचं जन्माचं वाकडं. एकदा अमरावतीच्या स्टँडावर मी त्यांना पोचवायला गेलो होतो. अकोल्याची बस ठरल्या वेळेला फलाटावर लागली. साडू जागचे हलेनात.

‘चला की, गाडी लागली,’ मी म्हणालो.

‘हे आपली नोय.’

‘अहो, पाटीवर अकोला लिहिलंय.’

‘अकोला असन ना. पण हे मागची असन, लेट झालेली. आपली अजून याची आहे.’

बस निघून गेली. पुढची चांगली पाऊण तास उशिरा आली, तेव्हा ते समाधानानं आत चढले आणि खिडकीतून हात बाहेर काढून मला म्हणाले, ‘पाह्यलं साडभाऊ? हे आपली!’

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, यजमान. मूळचं घर बाळापूरकडचं, काळ्या जमिनीचं, वावरात विहीर असलेलं. नोकरी मात्र अकोटला कापसाच्या एका जिनिंगमध्ये झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी अकोल्याला फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. ‘जवानी जिनिंगमंदी गेली, मातारपन जिन्यामंदी चाललं,’ असा विनोद ते पाहुण्यांना ऐकवत, आणि पाहुणे हसले की त्याचाही त्यांना धक्का बसे. त्यांच्या घरी जायचं म्हणजे त्यांच्याबरोबर तो जिना चढायचा, आणि त्यांच्याबरोबर जिना चढायचा म्हणजे दर वळणावर त्यांना धक्का देत जायचं. मी पहिल्या वळणावर सहज म्हणावं, ‘अमरावतीत यंदा संत्री स्वस्त आहेत.’ की यांचा हात टाळूवर. ‘काय सांगता!’ आणि पायरीवर बैठक. दुसऱ्या वळणावर मी म्हणावं, ‘आमच्या गल्लीत नळ सकाळी येतो आता.’ ‘सकाळी?’ पुन्हा बैठक. तीन मजले चढायला आम्हाला एवढा वेळ लागायचा, की तोवर ताईंचा चहा निवून पुन्हा उकळायला ठेवलेला असे.

या माणसाच्या हातात मुलानं स्मार्टफोन दिला.

त्याचं कारण असं. गेल्या उन्हाळ्यात साडूंना जिन्यातच चक्कर आली. शेजाऱ्यांनी वर नेलं, लिंबूपाणी दिलं आणि पुण्याला मुलाला कळवलं. मुलगा दुसऱ्या दिवशी हजर. म्हणाला, ‘बाबा, आता पुण्याला चला. माझं घर चौदाव्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे. एक पायरी चढायला नको.’

‘चौदाव्या माळ्यावरून खालचा मानूस हरबऱ्याच्या दान्याएवढा दिसते,’ साडू म्हणाले. ‘हाक कोणाले माराव? अन् तुया त्या लिफ्टमंदी चार लोकं उभे राह्यतात, अन् चारी जनं आकडे पाह्यतात. कोणी ‘कसे आहा’ म्हनत नाही. मी नाही येत. मले जिना जमते.’

‘जमतं? मग चक्कर का आली?’

‘ते ऊन होतं.’

शेवटी बापलेकांत ठरलं ते असं. मुलानं नवा फोन घेऊन दिला. त्यात माणूस किती मजले चढला, हे मोजण्याची सोय. आणि इथला आकडा तिकडे पुण्यात मुलाला दिसण्याचीही सोय. रोज एकदा खाली उतरायचं आणि वर यायचं, फोन खिशात ठेवून. मजले दिसत राहिले तर अकोल्यात राहायचं. ‘पण ज्या आठवड्यात दिसायचे थांबतील बाबा,’ मुलगा म्हणाला, ‘त्या आठवड्यात मी टेम्पो घेऊन येईन. सामानासकट.’

झालं. साडूंचं अकोल्यातलं राहणं त्या फोनवर येऊन ठेपलं.

दुसऱ्याच दिवशी भल्या पहाटे मला अमरावतीला फोन. ‘साडभाऊ, मी लुटल्या गेलो!’

‘काय झालं?’

‘माझ्या नावावर कोणतरी विमानानं फिरून राहिलं. फोनमंदी आलं. एका दिवसात तीन फ्लाइट!’

‘कुठून कुठे?’

‘ते लिहिलं नाही ना. चोर का पत्ता देते?’

मागून ताईंचा आवाज आला, ‘पुण्याले गेला असन तं पोराले सांगा ना, त्याले जेवाले ठेवजो म्हना.’

फोन इंग्रजीत होता आणि त्यात ‘फ्लाइट्स क्लाइम्ब्ड’ असं लिहून आलं होतं. जिन्याच्या एका टप्प्यालाही इंग्रजीत फ्लाइट म्हणतात, हे मुलानं पुण्याहून समजावलं, तेव्हा साडूंना विमानचोरीपेक्षाही मोठा धक्का बसला. ‘साहेबाच्या देशात जिना चढल्यालेच उडनं म्हनतात? मंग विमानात बसले की काय म्हनत असतीन, झोपनं?’ मग फोन मराठीत करून घेतला. आता ‘चढलेले मजले’ असं स्वच्छ दिसू लागलं.

पण आता प्रश्न आला की खिशात पडल्या पडल्या फोनला कळतं कसं? मुलानं तेही सांगितलं. फोनच्या आत हवेचा दाब मोजणारं एक यंत्र असतं. वर गेलं की दाब कमी होतो. दाब कमी झाला आणि त्याच वेळी पावलंही पडत असली, की फोन समजतो, माणूस जिना चढला. नुसतं लिफ्टनं गेलं तर पावलं नाहीत, म्हणून धरत नाही.

‘हवा मोजते म्हंते!’ साडू मला सांगत होते. ‘अकोल्यात मे महिन्यात हवा असते कुठी? हा मोजते काय मंग, वाफ?’

पुढे एकदा जोराचं वादळ यायच्या बेतात होतं. साडू घरातल्या घरात येरझारा घालत होते. फोननं त्यांच्या नावावर एक मजला चढवला. वादळाआधी हवेचा दाब उतरतो, त्याची ती करामत. साडूंना हे कुठलं ठाऊक! ते गॅलरीत गेले आणि कठड्यावरून वाकून, इमारत मूळ जागीच आहे ना, हे त्यांनी पाहून घेतलं.

आणि मग आला तो महाधक्का. एका संध्याकाळी त्यांनी मुलाला विचारलं, ‘चढलेले माळे दिसून राहिले. उतरलेले कुठी आहेत?’

‘उतरलेले मोजत नाही बाबा फोन. फक्त चढलेले.’

‘काहून?’

‘चढायला मेहनत लागते ना. उतरण्यात काय व्यायाम?’

मी तेव्हा तिथे हजर होतो, म्हणून सांगतो. असा धक्का मी पुन्हा पाहिला नाही. चष्मा काढला, पण हात टाळूपर्यंत पोचलाच नाही, अर्ध्यात थांबला. ‘म्हंजे याच्या मतानं मी नुसता चढूनच राहिलो? उन्हाळ्यापासून? एकबी डाव खाली नाही आलो? आरे, मी ढगात पोचलो असन आतापर्यंत!’ आणि पलंगाच्या काठावर बसून हळूच म्हणाले, ‘मानूस चढते तवा सारे पाह्यतात. उतरते तवा कोणी पाह्यत नाही. फोनबी मानसासारखाच निंघाला.’

पुढचे काही महिने मात्र या फोननं मला जगू दिलं नाही. मुलगा पुण्याहून आमच्या घरच्या सगळ्यांना कौतुकानं कळवू लागला. बाबा काल सहा मजले चढले. आज नऊ. दसऱ्याला तर बारा. माझ्या बायकोला हे आयतं कोलीत मिळालं. मी सोफ्यावर जरा आडवा झालो की ती भिंतीकडे बघून बोलायची, ‘जिजाजींनी पासष्टी ओलांडली. काही काही लोकांची पन्नाशीच सोफ्यावर चालली.’

मी ईर्ष्येला पेटलो. आमच्या घराच्या गच्चीवर चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. फोन उघडला. शून्य. पुन्हा चढलो. शून्य. खालून बायको ओरडली, ‘अहो, टाकी पाहून राहिले की पतंग?’ माझ्या स्वस्तातल्या फोनात ते हवेचं यंत्रच नाही, हे मला फार उशिरा कळलं. तोवर पोटऱ्या अशा धरल्या होत्या, की मी दोन दिवस उलटा चालत जिना उतरत होतो. त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. पन्नाशीतल्या माझी ही गत. मग ज्यांना एका मजल्याला दोन धक्के लागतात, ते साडू दिवसाला बारा मजले चढतात कसे?

हिवाळ्यात, वांगी ऐन बहरात असताना, मी न कळवता अकोल्याला गेलो. हेतू शुद्ध नव्हता. मला ते रंगेहाथ सापडायला हवे होते. जिना चढून धापा टाकत दार वाजवलं. ताईंनी एका हातानं दार उघडलं. दुसऱ्या हातात त्यांचा फोन, आणि नजर फोनात.

‘अगं बाई, भाऊजी! या, बसा. जरासे थांबा, वांगे चालू हायत.’

क्रिकेटचा सामना चालू असावा, तसं त्या म्हणाल्या. मी त्यांच्या मागोमाग गॅलरीत गेलो. ही गॅलरी इमारतीच्या मागच्या बोळावर आहे. भाजीवाले, दूधवाला, फुलवाली सगळे तिथूनच जातात. कठड्याशी साडू उभे होते. त्यांच्या हातात सुताचा जाड दोर, दोराच्या टोकाला कापडी पिशवी, पिशवी खाली बोळात. आणि बोळात भाजीवाली मावशी एका हातात वांगं आणि दुसऱ्या हातात साडूंचा फोन धरून उभी. ताईंच्या फोनवर ते वांगं चेहऱ्याएवढं मोठं दिसत होतं.

‘देठाकून दाखव व मावशी,’ ताई म्हणाल्या.

उत्तर दोनदा ऐकू आलं, एकदा बोळातून आणि एकदा फोनमधून. ‘घे, पाह्य. सकाळी तोडले. काटे हायत का नाही?’

‘तो डाग कायचा होय?’

‘डाग वांग्याले नाही व माय, तुया फोनच्या काचेले हाय. पुसत जाय कवा कवा.’

ताईंनी पदरानं काच पुसली. डाग गेला. वांगी पसंत पडली. पाहिल्याशिवाय काही घ्यायचं नाही, हा ताईंचा बाणा, आणि तीन मजल्यांवरून वांग्याचं देठ दिसत नाही. म्हणून भाजी येवो, दूध येवो की झेंडूची फुलं येवोत, साडूंचा फोन पिशवीत बसून खाली जायचा आणि माल दाखवून मालाबरोबर वर यायचा.

‘शेंदा,’ ताई म्हणाल्या.

शेंदणे म्हणजे विहिरीतून दोरानं पाणी ओढून काढणे. शहरात हा शब्द आता नळाच्या पाण्याबरोबर वाहून गेला आहे, पण या घरात दुसरा शब्दच नव्हता. पिशवी ओढत नसत, शेंदत. आणि साडूंचं शेंदणं बघण्यासारखं होतं. बाळापूरच्या विहिरीवर लहानपण गेलेल्या माणसाचे ते हात. डावा, उजवा, डावा, उजवा, एका लयीत. प्रत्येक ओढीला पिशवीला एक हिसका बसत होता. वांगी, सांबार आणि त्यावर फोन, अशी पिशवी डुलत डुलत वर आली. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर.

माझ्या डोक्यात तेव्हाच काहीतरी चमकलं. तेवढ्यात बोळात पेरूवाला आला. या वेळी फोन खाली जायच्या आधी मी त्यातला आकडा बघून ठेवला. पेरू पसंत झाले, साडूंनी शेंदले, मी पिशवीत हात घालून फोन काढला. तीन मजले वाढले होते.

हिसका म्हणजे पाऊल. वर येणं म्हणजे हवेचा दाब कमी. फोन बिचारा त्याच्या जागी बरोबर होता. एक माणूस दमदार पावलं टाकत तीन मजले चढून आला आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

मी बसलो. कांद्याच्या टोपलीवर बसलो. माझा हात आपोआप टाळूवर गेला. साडू उभे होते, दोराचं भेंडोळं करत, अगदी शांत.

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘आधी नव्हतं,’ ते म्हणाले. ‘पावसाळ्यात मले ताप होता. चार दिवस नुसता पलंग, अन् पिशवी शेंदाले गॅलरी. पोराचा फोन आला, शाब्बास बाबा, आज नऊ! मले असा धक्का बसला साडभाऊ, का झोपलेला होतो तं उठून बसलो. मंग एक दिवस पिशवी वर घेतली अन् पाह्यलं.’

‘म्हणजे मुलाला फसवताय तुम्ही!’

‘मी काहून फसवू? मी एक शब्द बोललो नाही. जे बोलला ते फोन बोलला.’

मला हसू आवरेना. ताईही पदर तोंडाला लावून हसत होत्या. असा बिनतोड पुरावा, आणि तो पिशवीतून आलेला! मी म्हणालो, ‘चला, यावर खाली जाऊन तुमच्या त्या कोपऱ्यावरच्या टपरीवरचा चहा पाजा.’

‘चहा घरी करते ना हे.’

‘टपरीवरचा हवा.’

‘बाहेर ऊन आहे.’

‘डिसेंबर आहे.’

‘चप्पल तुटली माझी.’

दाराशी त्यांच्या चपला होत्या. धडधाकट होत्या. फक्त त्यांच्यावर पायपुसणं वाळत घातलेलं होतं, आणि ते उचलून पाहिलं तर खाली चपलांच्या आकाराची धूळ होती. माझं हसू कमी होत गेलं. गॅलरीत परत येऊन मी ताईंना विचारलं, ‘हे खाली शेवटचे कधी गेले होते?’

‘पोळ्याले,’ त्या म्हणाल्या. ‘बैलाले पुरनपोळी द्याले गेलते. तवा वर येता येता लय तरास झाला त्याहिले.’

पोळ्याला! म्हणजे इतके महिने हा माणूस या तीन खोल्यांत आणि गॅलरीत होता. तिकडे मुलगा रोज शाबासकी देत होता, कारण चढलेले मजले दिसत होते. आणि उतरलेले मोजतच नाहीत, म्हणून बाप एकदाही उतरलेला नाही हे कोणालाच दिसत नव्हतं. आणि मग मला आणखी एक गोष्ट सुचली, आणि ती सुचल्याचं मला मुळीच आवडलं नाही.

‘भाऊ,’ मी म्हणालो, ‘जिन्यात तुम्ही दर वळणावर बसायचात. मी संत्र्यांचा भाव सांगितला की...’

‘संत्र्याचं काय घेऊन बसले,’ साडू म्हणाले. ‘धाप लागे मले.’

खाली पेरूवाला पुढच्या इमारतीपाशी ओरडत होता. साडूंनी भेंडोळं खिळ्याला अडकवलं, दाराशी गेले, पायपुसणं बाजूला केलं, चपला झटकून पायात घातल्या आणि फोन खिशात टाकला.

‘कुठी?’ ताई म्हणाल्या.

‘खाली. पाहुना चहा मांगून राहिला.’

ते कठडा धरून, आडवे होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरले. मी एक पायरी पुढे होतो, पडले तर माझ्यावर पडावेत म्हणून. खाली पोचल्यावर त्यांनी रस्त्याकडे असं पाहिलं, जसं आपण परगावी स्टँडवर उतरल्यावर पाहतो. कोपऱ्यावरची टपरी मोठ्या रस्त्याला आहे. मागच्या बोळातलं तिथे काही कळत नाही.

‘अरे, काका!’ टपरीवाला पातेलं सोडून बाहेर आला. ‘पुन्याहून कवा आले?’

साडूंनी दोन बोटं वर करून चहा सांगितला.

‘पुनं मानवलं म्हना तुमाले,’ शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला. ‘आमी तं समजलो फ्लॅट इकला. म्हटलं, काकानं सांगतलंबी नाही, चालले गेले.’

‘भेटूनबी नाही गेले,’ टपरीवाला म्हणाला. ‘वाईट वाटलं जरासं.’

बाक तिथेच होता, साडूंच्या अगदी मागे. मी वाट पाहत होतो, आता चष्मा निघेल, हात टाळूवर जाईल, ते बसतील. ते बसले नाहीत. कागदी पेला दोन्ही हातांत धरून उभे राहिले. चहा अर्धा झाल्यावर, फक्त मला ऐकू येईल एवढ्यानं म्हणाले, ‘पुन्याले जा लागू नये म्हनून वर लपलो साडभाऊ. अन् याह्यच्या लेखी मी कवाचा गेलो होतो.’

परतीचा जिना मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या वळणावर ते बसले. कुठलंही निमित्त न करता, भिंतीला टेकून, श्वास घेत. मी शेजारी बसलो. दुसऱ्या वळणावर तेच म्हणाले, ‘बोला ना कायतरी. असे गप नका बसू. संत्र्याचं सांगा.’

मी यंदाच्या संत्र्यांचा भाव सांगितला.

‘काय सांगता!’ ते म्हणाले, आणि डोळे मिटून बसून राहिले.

वर पोचलो तेव्हा ताई दारात उभ्या होत्या. साडूंनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. ‘पाहा, किती झाले.’

मी पाहिलं. पेरूंच्या वेळी होता तोच आकडा. एकही मजला वाढला नव्हता. थांबत, बसत चढलेला माणूस फोनला चढलेला वाटतच नाही; त्याला सलग चढणारे लागतात. मी खोटं सांगायच्या बेतात होतो, पण साडूंनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. ते हसले. घामानं भिजलेल्या चेहऱ्यानं, मनापासून हसले, आणि त्याच फोनवरून मुलाला फोन लावला.

‘बाबा! आज सहा!’ मुलाचा आवाज मलाही ऐकू येत होता. ‘शाब्बास!’

‘ते सहा माझे नोय. तीन वांग्याचे होत अन् तीन पेरूचे.’

‘म्हणजे?’

‘म्हंजे मी आज चढलो. पोळ्यानंतर पयल्या डाव. ते यानं धरलं नाही. बाकीचे जे तू पाह्यले, ते सारे पिशवीचे होते. शेंदलेले.’

मग त्यांनी सगळं सांगितलं. मला तर टेम्पोचा हॉर्न ऐकू यायला लागला. मुलगा म्हणाला, ‘मग इतके दिवस मी शाब्बास कोणाला म्हणत होतो बाबा?’

‘माझ्या हाताले,’ साडू म्हणाले. ‘हात माझेच होते. गुडघे नव्हते.’

‘आधी का नाही सांगितलंत? मी काय तुम्हाला उचलून नेलं असतं?’

‘हाव. नेलं असतं.’

‘हो,’ मुलगा म्हणाला, ‘नेलं असतं.’

तो रविवारी आला. टेम्पो आणला नाही. आधी बापाला डॉक्टरकडे नेऊन आणलं. मग खाली टपरीवर चहा घेतला, इस्त्रीवाल्याशी बोलला, आणि त्याच इमारतीत तळमजल्यावरचे भाडेकरू जागा सोडणार आहेत, ही बातमी घेऊन वर आला. साडूंनी फार वाद घातला नाही. ‘वारा कुठून येईन?’ एवढंच एकदा म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरचं सामान खाली आणताना मी होतो, माझी बायको होती, मुलगा होता. साडूंना आम्ही काही उचलू दिलं नाही. ते रिकाम्या गॅलरीत उभे होते, आणि सगळ्यांत शेवटी उतरले.

आता ते खाली राहतात. घराचं दार थेट जिन्यासमोर उघडतं. फोन आहे, पण मजल्यांचा आकडा आता कोणी बघत नाही. पुण्यातून सकाळी आणि संध्याकाळी नुसता फोन येतो, बापलेक बोलतात. मला मात्र त्या धक्क्यांची सवय झाली होती. बरेच दिवस पहाटेचा एकही फोन आला नाही, म्हणून परवा संध्याकाळी न राहवून मीच लावला.

‘काय चाललंय भाऊ?’

‘काई नाही. दारात खुर्ची टाकून बसलो. लोकं चढून राहिले, त्याह्यच्याकडं पाहून राहिलो.’

त्यांच्या मागे जिन्यात कोणाच्या तरी चपला वाजत होत्या, भराभर वर जाणाऱ्या.

‘आमच्या वरच्या घरात जे भाड्यानं आले, त्याह्यच्याकडं नवीन सून आली,’ ते म्हणाले. ‘फोनवर बोलत बोलत जाते. एकाबी वळनावर थांबत नाही लेक.’

आणि ती पावलं पार वर जाऊन दार लागल्याचा आवाज येईपर्यंत, तिकडे ते आणि इकडे मी, ऐकत राहिलो.